विश्लेषण : एचआयव्हीवर रोज एक गोळी पुरते, मग अडते कुठे?

सरकारी रुग्णालयांत २००४ मध्ये एचआयव्हीवरचे मोफत उपचार सुरू झाले, तेव्हा तिशीत असलेला रुग्ण आज पन्नाशी ओलांडून गेला आहे. विषाणू त्याच्या रक्तात चाचणीलाही सापडत नाही. पण आता त्याला रक्तदाब आहे, साखर वाढली आहे, गुडघे दुखतात. ज्या आजाराने तो जाणार असे सगळ्यांनी धरून ठेवले होते तो आटोक्यात आला आणि चारचौघांना होणारी दुखणी त्याच्या वाट्याला आली. अडचण अशी की, त्याच्या एचआयव्हीची फाइल एका दारात आहे आणि रक्तदाबाचा केसपेपर दुसऱ्या. या दोन कागदांची गाठ पडत नाही. बऱ्याचदा ती पडू नये अशी खुद्द रुग्णाचीच इच्छा असते.

एका गोळीपर्यंतचा प्रवास कसा झाला?

भारतात एचआयव्हीचा संसर्ग पहिल्यांदा आढळला तो १९८६ मध्ये, तेव्हाच्या मद्रासमध्ये. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना म्हणजे 'नॅको' १९९२ मध्ये उभी राहिली, पण तिच्या हातात तेव्हा जनजागृतीशिवाय फारसे काही नव्हते. परदेशात १९९६ पासून तीन औषधांचा एकत्रित उपचार सुरू झाला खरा. त्याचा खर्च मात्र माणशी वर्षाला दहा हजार डॉलरच्या पुढे होता. ही किंमत मोडली ती मुंबईच्या 'सिप्ला'ने. २००१ मध्ये कंपनीने तीच तीन औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. नंतर आफ्रिकेतील लाखो रुग्णांपर्यंत औषध पोहोचले त्यात भारतीय जेनेरिक कंपन्यांचा वाटा मोठा होता.

भारतात मोफत औषधे १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली. सुरुवातीच्या मोजक्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. पहिल्या औषधांनी विषाणू फेल गेल्यास द्यायची दुसऱ्या टप्प्यातील औषधेही २००८ मध्ये आधी जे. जे. आणि चेन्नईजवळचे तांबरम येथेच सुरू झाली.

त्या काळातली औषधे जीव वाचवत, पण माणसाला ओळखू येईल असे करून सोडत. स्टॅव्ह्युडिनने गाल बसत, हातापायांची चरबी झडे, तळपायांची आग होई. झिडोव्ह्युडिनने काहींचे रक्त कमी होई. पुढे आलेल्या एफाविरेंझची गोळी रात्री झोपताना घ्यावी लागे आणि तिच्या जोडीला चक्कर व भलतीसलती स्वप्ने येत. दिवसातून दोनदा गोळ्या म्हणजे महिन्याला ६० डोस. त्यातले ९५ टक्के तरी घेतलेच पाहिजेत, असा दंडक होता. म्हणजे महिन्याला तीन चुकांची मुभा. इतकी शिस्त धडधाकट माणसालाही जमत नाही.

आज बहुतेक रुग्णांना दिली जाणारी 'टीएलडी' ही टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर यांची एकच गोळी आहे. दिवसातून एकदा, दिवसा किंवा रात्री, जेवणाआधी किंवा नंतर. डोल्युटेग्राव्हिरला चकवणे विषाणूला अवघड जाते. त्यामुळे एखादा डोस चुकला तरी पूर्वीइतके आभाळ कोसळत नाही. औषध सुरू कधी करायचे याचा नियमही बदलला. पूर्वी रक्तातील सीडी-४ पेशी २०० च्या खाली जाईपर्यंत, म्हणजे प्रतिकारशक्ती पुरती ढासळेपर्यंत थांबावे लागे. एप्रिल २०१७ पासून निदान झाले की पेशी कितीही असोत, उपचार सुरू, असे धोरण आहे.

'विषाणू सापडत नाही' म्हणजे काय?

उपचार लागू पडत आहेत की नाही हे पाहायला विषाणूभार म्हणजे व्हायरल लोड मोजतात. औषध सुरू केल्यावर सहा महिन्यांनी, बारा महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा. एक मिलिलीटर रक्तात विषाणूच्या २०० पेक्षा कमी प्रती असतील आणि ही स्थिती टिकून असेल, तर त्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. हा दिलासा देण्यापुरता सांगितलेला मुद्दा नाही. 'एचपीटीएन ०५२' या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने २०११ मध्ये दाखवले की, लवकर उपचार सुरू केल्यास जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो. पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या अभ्यासात सहभागी होती. नंतर युरोपातील 'पार्टनर' अभ्यासात विषाणूभार दबलेल्या व्यक्तीकडून जोडीदाराला झालेल्या संसर्गाचे एकही प्रकरण सापडले नाही.

गरोदरपणाचेही तसेच. उपचार नसतील तर आईकडून बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. उपचार वेळेत मिळाल्यास ती ५ टक्क्यांच्या खाली येते. जी मुले या उपचारांआधी जन्मली, ती पंढरपूरची 'पालवी', लातूर जिल्ह्यातील हासेगावचे 'सेवालय', बीडजवळच्या पालीचे 'इन्फंट इंडिया' अशा संस्थांत वाढली. ही मुले फार जगणार नाहीत असेच तेव्हा मानले जाई. आज त्यांच्यातली अनेक विशीत आहेत आणि नोकरी, घरभाडे, लग्न या चिंतांत आहेत.

युरोप आणि उत्तर अमेरिकेतील रुग्णांच्या २०१७ मधील एका मोठ्या अभ्यासात, २००८ नंतर उपचार सुरू केलेल्या आणि वर्षभरात सीडी-४ पेशी ३५० च्या वर गेलेल्या विशीतील रुग्णाचे अपेक्षित आयुर्मान ७८ वर्षांच्या आसपास निघाले. भारताला हा आकडा तसाच लावता येणार नाही. इथे अजूनही अनेक जण प्रतिकारशक्ती ढासळल्यावर, क्षयरोग झाल्यावरच रुग्णालयात पोहोचतात. एचआयव्हीबाधितांच्या मृत्यूंमागे आजही सर्वांत मोठे कारण क्षयरोगच आहे.

मग आजार बरा का होत नाही?

विषाणू शरीरातील काही पेशींच्या डीएनएमध्येच स्वतःची नक्कल चिकटवून ठेवतो आणि गप्प बसतो. औषध फक्त वाढणाऱ्या विषाणूला अडवते, झोपलेल्याला नाही. गोळी थांबली की काही आठवड्यांत तो पुन्हा उठतो. जगभरात पूर्ण बरे झालेले रुग्ण बोटांवर मोजण्याइतके आहेत आणि त्यांना कर्करोगासाठी अस्थिमज्जा प्रत्यारोपण करावे लागले होते. तो सर्वांसाठीचा मार्ग नाही. म्हणून गोळी जन्मभराची.

नवी दुखणी कोणती?

विषाणू दबला तरी शरीरातील प्रतिकारयंत्रणा थोडी चेतलेलीच राहते. या मंद दाहाचा परिणाम रक्तवाहिन्यांवर होतो आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. भारतासह १२ देशांत, ४० ते ७५ वयोगटातील सुमारे ७,८०० एचआयव्हीबाधितांवर झालेल्या 'रिप्रीव्ह' चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. ज्यांना हृदयविकाराचा धोका कमी ते मध्यम मानला जातो, त्यांनाही कोलेस्टेरॉल कमी करणारी पिटाव्हास्टॅटिन ही गोळी दिल्यावर हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या गंभीर घटना ३५ टक्क्यांनी घटल्या. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतर स्त्रियांच्या तुलनेत सहापट असतो. त्यांनी वयाच्या २५ व्या वर्षापासून दर तीन ते पाच वर्षांनी तपासणी करून घ्यावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. विषाणूभाराची तपासणी जितकी नेमाने होते तितकी ही होत नाही.

खरा गुंता औषधांचा आहे. डोल्युटेग्राव्हिरमुळे मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनचे रक्तातील प्रमाण वाढते. म्हणून ते दिवसाला १,००० मिलिग्रॅमच्या पुढे देऊ नये, असा संकेत आहे. मधुमेहाच्या रुग्णाला एरवी २,००० मिलिग्रॅमपर्यंत सहज लिहून दिले जाते. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या किंवा पित्तावरचे ते घराघरांतले गुलाबी औषध डोल्युटेग्राव्हिरला धरून ठेवतात आणि ते अंगी लागू देत नाहीत. अशा औषधाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर टीएलडी घ्यावी लागते. (पॅन्टोप्राझोलसारख्या पित्ताच्या गोळीने असा फरक पडत नाही. पण हे दुकानात गोळी मागणाऱ्याला सांगणार कोण?) क्षयरोगाच्या उपचारातील रिफाम्पिसिन डोल्युटेग्राव्हिरचे प्रमाण इतके खाली आणते की, बारा तासांनी त्याचा आणखी एक डोस द्यावा लागतो.

मूत्रपिंडाचे उदाहरण सगळ्यांत बोलके आहे. टेनोफोव्हिर काही रुग्णांत मूत्रपिंडावर ताण आणते. साखर आणि रक्तदाबही तेच करतात. त्यात गुडघेदुखीसाठी गावातल्या डॉक्टरांकडून डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन घेतले की चौथा भार पडतो. उलट बाजूने, डोल्युटेग्राव्हिरमुळे मूत्रपिंडाला काहीही न होता क्रिएटिनिनचा आकडा थोडा वर जातो. हे ठाऊक नसलेला डॉक्टर रुग्णाला विनाकारण घाबरवून सोडू शकतो. दोन्ही बाबतींत समोरच्या डॉक्टरला एकच गोष्ट माहीत असणे गरजेचे आहे : हा माणूस टीएलडी घेतो.

मग रुग्ण ते सांगत का नाही?

कारण न सांगण्यानेच तो आजवर तगला आहे. एआरटी केंद्राची रचनाच वेगळेपणाची आहे. वेगळी खोली, वेगळा समुपदेशक, वेगळी नोंदवही, वेगळा औषधसाठा. बाहेरच्या ओपीडीच्या गर्दीत जे मिळत नाही ते इथे मिळते : नाव माहीत असलेला कर्मचारी, तारीख चुकली तर येणारा फोन, नवीन औषध समजावून सांगायला वेळ. सरकारी आरोग्यसेवेत दीर्घकालीन आजाराचा इतका नेटका पाठपुरावा क्वचितच होतो. या वेगळेपणाने गुप्तता राखली, त्यामुळे लोक येत राहिले. आणि आता तोच वेगळेपणा आड येतो आहे.

केंद्रातून बाहेर पडताना डबीवरचे लेबल खरवडून काढणारे, गोळ्या जीवनसत्त्वाच्या बाटलीत ओतून घेणारे, डबी वाजू नये म्हणून आत कापूस भरणारे रुग्ण केंद्रांना नवे नाहीत. आपल्या गावचे उपजिल्हा रुग्णालय टाळून शेजारच्या जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये नाव नोंदवणारेही आहेत. अशी व्यक्ती गावातल्या फॅमिली डॉक्टरला 'मी ही गोळी घेतो' असे सांगेल ही अपेक्षा करणे सोपे आहे. त्या डॉक्टरचा कंपाउंडर, समोरच्या मेडिकलवाला आणि रांगेत बसलेली भावकी हे सगळे एकाच गावातले असतात. शिवाय सांगितल्यावर शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलली जाणे, 'मोठ्या दवाखान्यात जा' असे सुचवले जाणे हा अनुभव अनेकांच्या पदरी आहे. तेव्हा रुग्ण हिशेब करतो आणि गप्प राहतो. त्याच्या बाजूने पाहिले तर हिशेब चुकीचा नाही, पण तो करताना मेटफॉर्मिनची मात्रा त्याच्या ध्यानात नसते.

जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२५ मध्ये एचआयव्ही सेवेतच मधुमेह, रक्तदाब आणि मानसिक आरोग्याची सेवा जोडण्याची शिफारस केली. म्हणजे रुग्णाने दुसऱ्या दारात जाऊन गुपित उघड करण्यापेक्षा रक्तदाबाचे यंत्र आणि साखरेची गोळी त्याच्याच दारात आणायची. महाराष्ट्रासारख्या राज्यात हे अशक्य नाही. एआरटी केंद्रे बहुधा वैद्यकीय महाविद्यालयांत आणि जिल्हा रुग्णालयांतच आहेत आणि असंसर्गजन्य आजारांची ओपीडी त्याच आवारात असते. प्रश्न आहे तो एका कार्यक्रमाच्या पैशातून दुसऱ्या कार्यक्रमाची गोळी देता येते का, हा.

कायदा काय म्हणतो?

१९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एका सार्वजनिक उपक्रमातील हंगामी कामगाराचे प्रकरण आले. एचआयव्ही असल्यामुळे त्याला कामावरून दूर केले होते. केवळ एचआयव्ही आहे म्हणून, काम करण्यास सक्षम असलेल्या माणसाची नोकरी नाकारता येणार नाही, असा निकाल न्यायालयाने दिला. निकालपत्रात त्याचे नाव 'एमएक्स' एवढेच आहे. ओळख लपवून दाद मागण्याची मुभाही याच प्रकरणात मिळाली.

त्यानंतर वीस वर्षांनी संसदेने एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ केला. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरी, शिक्षण, उपचार, घर आणि विमा यांत भेदभावाला बंदी, संमतीशिवाय चाचणीला मनाई, राज्यात लोकपाल, शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत (आरोग्य संस्थेत वीस) तक्रार निवारण अधिकारी अशा तरतुदी त्यात आहेत. विमा नियामकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपन्यांना एचआयव्हीबाधितांसाठी आरोग्य विम्याच्या योजना आणण्यास सांगितले.

वर सांगितलेल्या गुंत्याशी थेट संबंध असलेले कलम मात्र फारसे चर्चेत नसते. रुग्णाच्या लेखी संमतीशिवाय त्याची स्थिती कुणालाही सांगता येत नाही, हा नियम. त्याला अपवाद असा की, उपचारासाठी आवश्यक असेल तर एक डॉक्टर ती माहिती त्याच रुग्णावर उपचार करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरला सांगू शकतो. म्हणजे दोन फायलींना जोडणारा पूल कायद्याने ठेवला आहे. दुसऱ्या टोकाला माहिती टेबलावर उघडी पडणार नाही याची खात्री रुग्णाला द्यायची कोणी, हे कलमात लिहून भागत नाही. याच कायद्यात औषधोपचार 'शक्य तेथवर' पुरवण्याची शब्दयोजना आहे. विधेयक मंजूर होत असतानाच रुग्णांच्या संघटनांनी तिच्यावर बोट ठेवले होते.

गोळी वेळेवर मिळते का?

बहुतांशी मिळते. करोनाच्या टाळेबंदीत केंद्रांनी तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या आणि स्थिर रुग्णांसाठी ती पद्धत पुढेही उपयोगी ठरली. पण जुलै २०२२ मध्ये दिल्लीत नॅकोच्या कार्यालयाबाहेर रुग्णांनी ठाण मांडले ते औषधांच्या तुटवड्यासाठीच. महिन्याऐवजी काही दिवसांच्या गोळ्या हातावर ठेवल्या जात असल्याची त्यांची तक्रार होती. सरकारने देशात पुरेसा साठा असल्याचे सांगितले. आंदोलन महिनाभराहून अधिक चालले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयातही गेले. जन्मभर चालणाऱ्या औषधाच्या बाबतीत 'देशात साठा आहे' आणि 'माझ्या केंद्रात गोळी आहे' या दोन वाक्यांत फार अंतर असते.

बीडचा ऊसतोड मजूर दिवाळीनंतर कोल्हापूर, सांगली किंवा कर्नाटकात जातो तो पाच-सहा महिन्यांनीच परततो. प्रवासातील रुग्णाला दुसऱ्या केंद्रातून औषध देण्याची सोय कार्यक्रमात आहे. त्यासाठी फडावरची एक दिवसाची मजुरी बुडवून, मुकादमाला काहीतरी कारण सांगून तालुक्याला जावे लागते. एसटीत एचआयव्हीबाधितांना भाड्याची सवलत आहे. ती घ्यायची तर कंडक्टरला कार्ड दाखवावे लागते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत महिन्याला १,५०० रुपये मिळतात. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो, तोही गावातूनच.

आकडे काय सांगतात?

नॅकोच्या २०२३ च्या अंदाजानुसार देशात २५.४४ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत. त्यांत सर्वाधिक, चार लाखांच्या आसपास, महाराष्ट्रात आहेत. २०२५ पर्यंत गाठायचे उद्दिष्ट होते ९५-९५-९५ : संसर्ग असलेल्यांपैकी ९५ टक्क्यांना तो ठाऊक असावा, त्यांतील ९५ टक्के उपचारांवर असावेत, आणि त्यांतील ९५ टक्क्यांचा विषाणूभार दबलेला असावा. भारताचा आकडा ८१-८८-९७ असा नोंदवला गेला. शेवटची टक्केवारी उद्दिष्टाच्या पुढे आहे. गोळी काम करते हे तिने सिद्ध केले. पण तिन्हींचा गुणाकार केला की शंभरातले जेमतेम ६९ उरतात. सर्वांत मोठी गळती पहिल्याच पायरीवर आहे. शंभरातल्या १९ जणांना आपल्याला संसर्ग आहे हेच माहीत नाही.

गोळीऐवजी इंजेक्शन येईल का?

डबी लपवणाऱ्यासाठी याहून चांगली बातमी नाही. कॅबोटेग्राव्हिर आणि रिल्पिव्हिरिन यांची दर दोन महिन्यांनी घ्यायची इंजेक्शने काही श्रीमंत देशांत वापरात आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२५ मध्ये, विषाणूभार दबलेल्या रुग्णांसाठी पर्याय म्हणून त्यांची शिफारसही केली. वर्षातून दोनदा घ्यायचे लेनाकापाव्हिर मुख्यतः संसर्ग होऊ नये म्हणून चर्चेत आहे, हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या कंपन्या त्याची जेनेरिक आवृत्ती २०२७ पासून वर्षाला ४० डॉलरमध्ये १२० देशांना देणार असल्याची घोषणा सप्टेंबर २०२५ मध्ये झाली.

उपचारासाठीच्या इंजेक्शनांना मात्र भारतात दोन अडथळे आहेत. रिल्पिव्हिरिनचे इंजेक्शन फ्रीजमध्ये ठेवावे लागते. आणि क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन सुरू झाले की ही दोन्ही औषधे निकामी ठरतात; अशा वेळी रुग्णाला पुन्हा गोळीवरच यावे लागते. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या १५,४७२ कोटींच्या पाचव्या टप्प्याची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. पुढच्या आराखड्यात इंजेक्शनाला जागा मिळो न मिळो, एआरटी केंद्राच्या टेबलावर रक्तदाबाचे यंत्र आणि साखरेची पट्टी ठेवायला कुठल्याही नव्या औषधाची वाट पाहावी लागत नाही. १०९७ या मोफत मदतवाणीवर सध्या जवळचे चाचणी व उपचार केंद्र कोणते, हे नाव न सांगता विचारता येते.